रंगांची बाराखडी

मुंबईची भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत धावू लागली ती २०२५च्या ऑक्टोबरात. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी मरोळ नाक्याच्या स्टेशनात होतो. वर्सोवा-घाटकोपर ही पुलावरून जाणारी मेट्रो आणि जमिनीखालून दक्षिण मुंबईकडे जाणारी मेट्रो यांची गाठ तिथे पडते. एका बाईंनी मला थांबवलं. वय साठीच्या पुढचं, हातात कापडी पिशवी.

"भाऊ, ती ॲक्वा कुठे लागते?"

नातवानं त्यांना फोनवर सांगितलं होतं, मरोळ नाक्याला उतर आणि ॲक्वा लाईन पकड, ती गिरगावला नेईल. बाईंना वाटत होतं, ॲक्वा हे गाडीचं किंवा एखाद्या गावाचं नाव असावं. मी म्हटलं, "ताई, ॲक्वा हा रंग आहे."

"कोणता रंग?"

मी पाटीवरच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "हा. मोरपिशी."

बाई हसल्या. "मग मोरपिशी म्हणायचं ना!" असं म्हणून त्या पट्ट्याच्या मागोमाग जिन्याकडे निघाल्याही. पुढे त्यांना कोणाला काही विचारावं लागलं नसणार.

मला माझी अम्मी आठवली. ती शाळेत गेली नव्हती. कोकणातल्या खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन मुंबईत आली आणि चाळीतल्या खोलीत शिवणाचं मशीन घेऊन बसली. आजूबाजूच्या बायकांचे ब्लाऊज, परकर, पोरांचे कुडते शिवायची. एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण रंगांची नावं विचारावीत तिला. डाळिंबी आणि किरमिजी, आमसुली आणि वांगी, पोपटी आणि शेवाळी यांत तिची कधी गल्लत होत नसे. दोऱ्याचं रीळ आणायला मला पाठवायची तेव्हा कापडाचा तुकडा बरोबर द्यायची, कारण रंगाच्या बाबतीत माझ्या डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता.

त्या काळी शहरातल्या बसवर साध्या गाडीचा आकडा काळा असे आणि मोजक्याच थांब्यांवर थांबणाऱ्या गाडीचा, म्हणजे लिमिटेडचा, लाल. अम्मीला आकडे चित्रासारखे ओळखू येत. एकदा नेमका आकडा ओळखून ती बसमध्ये चढली. पण आकड्याचा रंगही काही सांगत असतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आमचा थांबा मागे पडला, त्याच्या पुढचाही पडला. ती चालत चालत परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि आम्ही भावंडं चाळीच्या दारात उभी होतो. अब्बांनी तिला एवढंच सांगितलं, काळा आकडा थांबतो, लाल थांबत नाही. त्यानंतर ती कधी चुकली नाही.

श्रोतेहो, शहराच्या वाहतुकीत रंग कुठून आले, ते कोणी वाटले आणि कोणाच्या उपयोगी पडले, हा विषय मला जवळचा वाटतो तो यामुळे. आज मी त्याचीच थोडी हकिकत सांगणार आहे. ती सुरू होते लंडनला.

१० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी जगातली पहिली भुयारी रेल्वे प्रवाशांसाठी सुरू झाली. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली त्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. इंजिन वाफेचं, त्यामुळे बोगद्यात धूर आणि काजळी. १८९०मध्ये खूप खोल बोगद्यातून विजेवर धावणारी गाडी आली आणि मग एकामागून एक मार्ग होत गेले. पण प्रत्येक मार्ग वेगळ्या कंपनीचा. तिकीट वेगळं, पाट्या वेगळ्या आणि नकाशाही वेगळा. कंपनी आपल्या नकाशात आपला मार्ग ठसठशीत काढी. दुसऱ्याचा मार्ग पुसट किंवा मुळीच नाही. प्रवाशाला लंडनभर फिरायचं असे आणि त्याच्या हातात एकाच कंपनीची जाहिरात पडे.

चार्ल्स यर्क्स या अमेरिकन भांडवलदारानं उभारलेल्या कंपन्यांमधून १९०६ आणि १९०७ या दोन वर्षांत तीन नवे मार्ग सुरू झाले. ते पाहायला यर्क्स जिवंत नव्हता. १९०५च्या अखेरीस तो वारला. मार्ग झाले, पण अंदाज केला होता तेवढे प्रवासी येईनात. कर्ज डोक्यावर. तेव्हा एकमेकींच्या स्पर्धक कंपन्यांना शहाणपण सुचलं. १९०८मध्ये त्यांनी 'अंडरग्राउंड' हे एक सामाईक नाव घेतलं आणि सगळ्यांचा मिळून एक नकाशा काढला. त्या नकाशात आठ मार्ग होते आणि आठ रंग. डिस्ट्रिक्ट हिरवी, मेट्रोपोलिटन लाल, सेंट्रल लंडन निळी, बेकरलू तपकिरी, पिकॅडिली पिवळी, हॅम्पस्टेड करडी, सिटी अँड साऊथ लंडन काळी आणि ग्रेट नॉर्दर्न अँड सिटी नारिंगी.

आज आपल्याला ही गोष्ट सरळ वाटते. तेव्हा ती समझोत्याची होती. आठ भावांनी घराच्या भिंती पाडल्या नाहीत, फक्त प्रत्येकाच्या खोलीचं दार वेगळ्या रंगात रंगवलं आणि पाहुण्याला सांगितलं, आता कुठूनही आत या. नकाशावरचा रंग म्हणजे मार्गाच्या मालकाची खूण होती. प्रवाशाची सोय हा त्यातून निघालेला फायदा.

याच सुमारास लंडनच्या स्टेशनांतही रंग आले होते. लेस्ली ग्रीन नावाच्या तरुण वास्तुशिल्पकारानं यर्क्सच्या मार्गांसाठी स्टेशनं बांधली. बाहेरून सगळी एकसारखी, गडद रक्तवर्णी चकचकीत फरशांची. रस्त्यावरून लांबून कळावं की इथे भुयारी गाडी आहे. आत फलाटावर मात्र प्रत्येक स्टेशनाच्या फरशांची रंगसंगती आणि नक्षी निराळी. रोजच्या प्रवाशाला नाव न वाचताही आपलं स्टेशन ओळखू येई. या कामाचा भार मोठा होता. ग्रीन १९०८मध्ये, म्हणजे पहिला रंगीत नकाशा निघाला त्याच वर्षी, अवघ्या ३३व्या वर्षी वारला. त्याची लाल स्टेशनं आजही उभी आहेत.

वाचता न येणाऱ्याला रंग उपयोगी पडतो, हे ट्रामवाल्यांनी आधीच ओळखलं होतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ट्रामच्या वरच्या मजल्याच्या कडेनं लाल, निळा, हिरवा, पिवळा किंवा पांढरा असा रुंद पट्टा असे. पट्ट्यावरून मार्ग ओळखायचा. १९३०च्या दशकाच्या अखेरीस तिथे मार्गांना क्रमांक आले आणि पट्टे हळूहळू गेले. पण कितीतरी वर्षं ग्लासगोचा कामगार 'हिरवी ट्राम', 'पिवळी ट्राम' अशाच भाषेत बोलत होता. अम्मीला ते शहर सोपं गेलं असतं.

आता पुन्हा लंडनला येऊ. १९०८च्या नकाशात रंग होते, पण रेषा भूगोलाप्रमाणे वाकड्यातिकड्या होत्या. मध्यावर शहर दाटीचं, तिथे स्टेशनांची नावं एकमेकांवर चढत; आणि टोकांचे मार्ग कागदाबाहेर जात. १९३१मध्ये हॅरी बेक नावाच्या माणसानं यावर उपाय काढला. बेक हा अंडरग्राउंडच्या सिग्नल विभागात आराखडे काढणारा ड्राफ्ट्समन. वय २९. कामावरून तात्पुरतं कमी केलेलं. मोकळ्या वेळात घरी बसून त्यानं नकाशा काढला आणि भूगोल बाजूला ठेवला. रेषा तीनच प्रकारच्या: उभ्या, आडव्या आणि ४५ अंशांत तिरक्या. मधला भाग मोठा केला, टोकाकडचा आवळला. जमिनीवरची ओळखीची खूण म्हणून थेम्स नदी तेवढी ठेवली. आणि मार्गांना रंग.

साहेबांनी आधी तो नाकारला. फारच जगावेगळा, लोकांना कळणार नाही असं त्यांचं म्हणणं. बेकनं पुढच्या वर्षी पुन्हा दिला. तेव्हा चाचणीसाठी ५०० प्रती छापल्या आणि लोकांनी त्या उचलल्या. मग जानेवारी १९३३मध्ये सात लाख प्रती काढल्या. महिन्याभरात पुन्हा छापायची वेळ आली. लोकांना कळणार नाही असं ज्यांना वाटत होतं, त्यांना लोक कळले नव्हते.

त्याच वर्षी १ जुलैला एक मोठी गोष्ट झाली. लंडनच्या भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस चालवणारी एकच सार्वजनिक संस्था स्थापन झाली आणि जुन्या कंपन्या तिच्यात विरून गेल्या. ज्यांच्या मालकीची खूण म्हणून रंग आले होते, ते मालकच राहिले नाहीत. रंग मात्र राहिले. ते आता प्रवाशांचे झाले. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी घटना हीच. तिची कुठे कोनशिला नाही.

हे रंग एका जागी स्थिर होते असंही नाही. १९०८मध्ये निळी असलेली सेंट्रल, बेकच्या पहिल्या नकाशात नारिंगी झाली आणि १९३४मध्ये लाल. तपकिरी बेकरलू बेकच्या नकाशात लाल झाली आणि वर्षभरात पुन्हा तपकिरी. लाल मेट्रोपोलिटन जांभळी झाली, पिवळी पिकॅडिली निळी. १९०८चा नकाशा, १९३३चा नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी ठेवले, तर डिस्ट्रिक्ट लाईनचा हिरवा रंग तिन्हीकडे सापडतो. म्हणजे सेंट्रल लाल आहे याला निसर्गाचा काही नियम नाही. एवढ्या लोकांनी मिळून मान्य केलं, म्हणून ती लाल. भाषेतल्या शब्दांचंही असंच असतं. पाण्याला पाणी का म्हणतात याचं पाण्यात काही उत्तर नसतं.

बेकचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. अनेक वर्षं तो आपला नकाशा सुधारत राहिला. १९६०मध्ये दुसऱ्याच माणसाच्या नावानं नवा नकाशा आला आणि बेक बाजूला पडला. तो हक्कासाठी भांडला, उपयोग झाला नाही. १९७४मध्ये तो वारला. आज लंडनच्या भुयारी नकाशाच्या कोपऱ्यात, ही मूळ कल्पना हॅरी बेकची, असं छापलेलं असतं. लोकांचं झालेल्या कामावर करणाऱ्याचं नाव उशिरानं लागतं, हे आम्हा कवींना नवं नाही.

रंग आहे पण तो कोणी सांगितला नाही, तर काय होतं? याचं उदाहरण न्यूयॉर्कला मिळतं. तिथे १९३२मध्ये शहरानं स्वतःची भुयारी रेल्वे सुरू केली. तिची स्टेशनं स्क्वायर विकर्स या वास्तुशिल्पकाराच्या हाताखाली झाली. भिंतीवरच्या फरशीच्या पट्ट्यांत त्यानं एक पद्धत बसवली. जलद गाडी जिथे थांबते त्या स्टेशनात पट्ट्याचा रंग बदलायचा. पुढच्या साध्या स्टेशनांत तोच रंग चालू ठेवायचा. पुन्हा जलद गाडीचं स्टेशन आलं की नवा रंग. जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, लाल असा तो क्रम. खिडकीतून नुसतं पाहिलं तरी आपण कोणत्या टप्प्यात आहोत ते कळावं. योजना अतिशय सुंदर. पण न्यूयॉर्कच्या आजच्या प्रवाशाला विचारा, त्याला ती सहसा ठाऊक नसते. रोज डोळ्यांसमोरून रंग जातात आणि त्यांचा अर्थ जात नाही. अम्मीच्या लाल आकड्याचं झालं तेच.

नकाशातही न्यूयॉर्कचं बस्तान बसायला वेळ लागला. तिथेही आधी तीन वेगळ्या व्यवस्था होत्या. १९४०मध्ये त्या शहराच्या एका छताखाली आल्या, तरी नकाशात पुढची कितीतरी वर्षं जुन्या तीन व्यवस्थांचे तीनच रंग चालले. घर एक झालं, चुली तीन राहिल्या. १९६७मध्ये मार्गवार रंगांचा नकाशा आला. १९७२मध्ये मासिमो विन्येली यांनी बेकच्या वळणाचा, प्रत्येक गाडीला वेगळा रंग देणारा देखणा नकाशा केला. डोळ्यांना सुखद, पण त्यात सेंट्रल पार्क चौकोनी आणि करडं झालं होतं आणि लोक चिडले. १९७९मध्ये तो बदलला आणि मग रंगांचा हिशेब साधा झाला: मॅनहॅटनमध्ये गाडी ज्या मोठ्या रस्त्याखालून जाते, त्या रस्त्याचा रंग त्या गाडीला. एवढं करूनही न्यूयॉर्कचा माणूस बोलताना रंगाचं नाव घेत नाही. तो अक्षर किंवा आकडा सांगतो. २०२५मध्ये तिथे पुन्हा सरळ रेषांचा, विन्येलींची आठवण करून देणारा नकाशा आला. पन्नास वर्षांनी सासूबाईंच्या पाटल्या सुनेच्या हातात याव्यात तसं.

बॉस्टननं याच्या उलट केलं. तिथे रंग हेच मार्गाचं नाव झालं. १९६५मध्ये केंब्रिज सेव्हन या वास्तुशिल्पकारांच्या संस्थेनं तिथल्या चार मार्गांना लाल, हिरवा, निळा आणि नारिंगी अशी नावं दिली. लांबलचक जुनी नावं गेली. लाल का? कारण तो मार्ग तेव्हा हार्वर्ड विद्यापीठापाशी संपत असे आणि हार्वर्डचा रंग किरमिजी. निळा का? तो बंदरातल्या पाण्याखालून जातो. हिरवा का? तो शहराभोवतालच्या बागांच्या माळेकडे जातो. नारिंगी का? लोक सांगतात की वॉशिंग्टन स्ट्रीटच्या एका भागाचं जुनं नाव ऑरेंज स्ट्रीट होतं, म्हणून. पण हे रंग ठरवणाऱ्यांपैकी पीटर चेरमायेफ यांनी सांगितलेली हकिकत साधी आहे. आधी तिथे पिवळा घेतला होता. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं वाचता येईनात, म्हणून नारिंगी आला.

रंगांना अशा गोष्टी चिकटतातच. मॉस्कोच्या मेट्रोतला गोलाकार मार्ग नकाशात तपकिरी आहे. तिथे आख्यायिका अशी की स्टालिननं आराखड्यावर कॉफीचा पेला ठेवला, त्याचं तपकिरी वर्तुळ उमटलं आणि विचारायची हिंमत कोणात नसल्यामुळे अभियंत्यांनी तिथे मार्ग बांधून टाकला. गोष्ट खरी नाही, पण ती त्या काळातल्या भीतीबद्दल खरं सांगते.

अम्मीला मी कुठली मेट्रो दाखवली असती, असं कोणी विचारलं तर मी मेक्सिको शहराचं नाव घेईन. ती ४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. वाचता न येणारे लाखो लोक या गाडीनं जाणार आहेत, हे तिथे आधीच धरून चालले होते. लान्स वायमन या अमेरिकन चित्रकारानं तिची खूणभाषा बनवली. मार्गाला रंग आणि प्रत्येक स्टेशनाला एक चित्र. चापुल्तेपेक या नावाचा तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेतला अर्थ टोळाची टेकडी. म्हणून त्या स्टेशनाचं चित्र टोळ. पिनो सुआरेझ स्टेशनासाठी खोदताना ॲझ्टेकांचं एक छोटं मंदिर सापडलं. ते स्टेशनात जसंच्या तसं ठेवलं आणि तेच स्टेशनाचं चित्र झालं. पहिल्या मार्गाचा रंग झगझगीत गुलाबी. मेक्सिकोतल्या बायकांच्या कपड्यांत, बाजारातल्या कापडांत दिसणारा तोच. आपल्याकडच्या बायका त्याला राणी रंग म्हणतील. वाचता येणाऱ्यांसाठी नाव, न येणाऱ्यांसाठी चित्र आणि दोघांसाठी रंग. ही चित्रं आजही तिथे आहेत.

रंगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रंग सगळ्यांना सारखे दिसत नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे बारांपैकी एकाला लाल-हिरव्यासारखे काही रंग वेगळे करता येत नाहीत. बायकांत हे प्रमाण फारच कमी. अशा लोकांसाठी लंडनमध्ये भुयारी रेल्वेचा काळा-पांढरा नकाशाही मिळतो. त्यात रंगाऐवजी ठिपके, तुटक रेषा आणि पट्टे. दुसरी अडचण संख्येची. मार्ग वाढतात, पण झटकन वेगळे ओळखू येणारे रंग दहा-बाराच. टोकियोत मार्ग इतके झाले, की २००४पासून रंगाच्या जोडीला मार्गाचं अक्षर आणि स्टेशनाचा क्रमांक द्यायला सुरुवात झाली. म्हणून शहाणी व्यवस्था कधी नुसत्या रंगावर विसंबत नाही. रंग, नाव, आकडा, चित्र. ज्याला जे धरता येईल ते त्यानं धरावं.

नावाचं महत्त्व लंडनला अगदी अलीकडे पुन्हा कळलं. तिथल्या ओव्हरग्राउंड या जमिनीवरच्या रेल्वेचे सहा मार्ग नकाशात एकाच नारिंगी रंगात होते. गुंता इतका झाला, की कोणती गाडी कुठे जाते ते सांगणं कठीण. २०२४मध्ये सहांना सहा रंग दिले आणि सहा नावं. एकाला विंडरश, १९४८मध्ये कॅरिबियन बेटांतून माणसं घेऊन आलेल्या जहाजाचं नाव. एकाला वीव्हर, म्हणजे विणकर. एकाला सफ्रजेट, बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्यांची आठवण. स्थलांतरित, विणकर, लढणाऱ्या बायका. ज्यांनी शहर घडवलं त्यांची नावं नकाशात आली. रंगाच्या शेजारी ओळखीचा शब्द असला, की दोन्ही लक्षात राहतात.

आता आपल्याकडे पाहू. भारतातली पहिली मेट्रो कोलकात्याला २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली. मार्ग एकच, त्यामुळे रंगाची गरज नव्हती. रंगाची गरज दुसऱ्या मार्गाबरोबर जन्माला येते. दिल्लीत २००२च्या डिसेंबरात लाल मार्ग सुरू झाला, पुढे पिवळा, निळा आणि मग बाकीचे. राजीव चौकासारख्या मोठ्या स्टेशनात, गाडी बदलणाऱ्यांसाठी जमिनीवर रंगीत पावलं उमटवली. पाटीकडे मान वर करून पाहायचं कारण नाही, पावलांवर पाऊल टाकत जायचं. ही कल्पना ज्याला सुचली, त्याच्या घरातही कोणी न शिकलेली आई असावी असं मला उगाचच वाटतं.

या रंगांत मला आणखी एक गोष्ट दिसते. आपल्याकडे काही रंगांवर माणसांनी हक्क सांगून ठेवला आहे. माझं नाव ऐकल्याबरोबर समोरचा माझा आवडता रंग ठरवून टाकतो, आणि तो ठरवतो तो रंग मला खास आवडतो असंही नाही. मिरवणुकीत, झेंड्यावर, भिंतीवर हिरवा आणि भगवा दिसले की माणसं आधी रंग बघतात, मग माणूस. मेट्रोच्या नकाशात हेच रंग निवांत असतात. हिरव्या गाडीत कोण बसलंय हे कोणी विचारत नाही. नारिंगी गाडीतून उतरलेला माणूस दुसऱ्या रंगाच्या फलाटावर जातो आणि त्याला कोणी परका म्हणत नाही. रंग तिथे फक्त एवढंच सांगतो, की तुम्हाला जायचंय तिकडे ही गाडी जाते. रंगानं माणसाशी वागावं तर असं.

पण आपल्या महाराष्ट्रातल्या मेट्रोंबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती भाषेची आहे. मुंबईत निळा, पिवळा, लाल हे मार्ग झाले आणि भुयारी मार्ग ॲक्वा. पुण्यात पर्पल आणि ॲक्वा. नागपुरात ऑरेंज आणि ॲक्वा. म्हणजे तिन्ही शहरांत एकेक ॲक्वा आहे, आणि मरोळ नाक्यावरच्या त्या बाईंसारख्या लाखो बायकांना ॲक्वा म्हणजे काय ते ठाऊक नाही. रंग त्यांना दिसतो. त्याचं नाव त्यांच्या तोंडी लहानपणापासून आहे. साडीच्या दुकानात त्या तोच रंग नेमका मागून घेतात. आपण रंग दाखवला आणि शब्द लपवला. नागपूरच्या मार्गाला नारिंगी म्हणायला काय हरकत आहे? ते संत्र्यांचंच शहर. पुण्याच्या मार्गाला जांभळा म्हणावं. आणि ॲक्वाला मोरपिशी.

कोणी म्हणेल, कवीला काय, नावांचा सोस असतोच. तसं नाही. लंडनमध्ये मालकांचे रंग प्रवाशांचे झाले, त्याला पंचवीस वर्षं लागली. न्यूयॉर्कमध्ये सुंदर रंग भिंतीवर तसेच राहिले, कारण ते कोणी समजावून सांगितले नाहीत. मेक्सिकोनं न वाचता येणाऱ्या माणसाला पहिला प्रवासी मानलं. नुसता पट्टा रंगवून भागत नाही. ज्याच्यासाठी तो रंगवला, त्याच्या तोंडात त्याचं नाव बसलं पाहिजे. निरोप एका तोंडातून दुसऱ्या कानात जातो तो शब्दानं जातो. नातवानं आजीला फोनवर 'मोरपिशी गाडी पकड' असं सांगितलं असतं, तर तिला मला थांबवावंच लागलं नसतं.

अम्मी मेट्रो पाहायला राहिली नाही. तिच्या मशीनच्या खणात अजून रिळं आहेत, अर्धी संपलेली. परवा मी तो खण उघडला आणि खिशातला मेट्रोचा नकाशा शेजारी धरला. लाल सापडला, पिवळा सापडला, निळा सापडला. मोरपिशी शोधायला थोडा वेळ लागला. तोही होता, अगदी तळाशी.